तिसऱ्या रांगेची लिंक

डाफे नर्सरीच्या संकेतस्थळावरून काकाजींचं नाव काढायचं, हे प्रणितानं ठरवून टाकलं होतं. घरात बोलून काढायचं की काढून मग बोलायचं, एवढाच प्रश्न उरला होता. तिनं काढून मग बोलायचं ठरवलं.

वरुडपासून जवळच्या धानोडी गावात डाफ्यांची संत्र्याच्या कलमांची नर्सरी होती. शेत, मजूर, गाड्या हे सगळं तिचा नवरा प्रफुल्ल बघायचा. प्रणिता अकोल्याला वनस्पतींच्या रोगांचं शिक्षण घेऊन या घरात आली होती, त्यामुळे किडे येऊ नयेत म्हणून जाळीनं बंद केलेलं जाळीघर, त्यातले मातृवृक्ष आणि त्यांच्या तपासण्या तिच्याकडे होत्या. संकेतस्थळही तिच्याकडेच होतं, कारण ते दुसऱ्या कोणाला नको होतं.

आणि नेमकं त्या संकेतस्थळावरच आता सगळं येऊन ठेपलं होतं. बागायतदार पूर्वीसारखे नर्सऱ्या हिंडत नव्हते. फोनमधल्या शोधकाला ते सांगायचे, "यंदा चार एकर संत्रा लावायचा आहे, जमीन भारी आहे, पाणी बेताचं आहे, चांगल्या कलमांची पन्हेरी बघ." शोधक देशभरातल्या नर्सऱ्यांची पानं वाचायचा, मातीच्या नोंदी बघायचा, कुठली कलमं घ्यायची ते सुचवायचा आणि बागायतदारानं हो म्हटलं की मागणी नोंदवून गाडीची तारीखही ठरवून टाकायचा. माणूस हो म्हणायच्या आधी क्वचितच काही वाचायचा. वाचणारा शोधक होता.

त्या हिवाळ्यात डाफ्यांकडे येणारी मागणी एकदम आटली. कलमं तीच, दर तोच, आणि शेजारच्या तालुक्यातल्या दुय्यम नर्सऱ्यांच्या गाड्या मात्र भरून जात होत्या. शेवटी प्रणितानं शोधकालाच कारण विचारलं. विचारणाऱ्याला कारण सांगायचं, असं कायद्यानं त्याला बांधून घातलेलं होतं.

"तुमच्या प्रत्येक पानाच्या तळाशी शंभरावर लिंका आहेत," शोधक म्हणाला. "त्यांत तालुक्यातल्या बहुतेक नर्सऱ्या आहेत, एक पेट्रोल पंप, दोन मंगल कार्यालयं आणि मोबाइलची दुकानं आहेत. यांतल्या कोणाकोणाची खात्री तुम्ही देता?"

त्या लिंकांतली निम्मी माणसं प्रणिताला माहीतही नव्हती.

ही तळपट्टी, म्हणजे संकेतस्थळाचा फुटर, काकाजींच्या कल्पनेतून भरलेला होता. प्रफुल्लचे काका दिवाकरजी डाफे हे तालुक्यातल्या नर्सरीवाल्यांच्या संघाचे अध्यक्ष. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की इंटरनेटवर दुसऱ्यानं आपलं नाव घेतलं की आपण वर येतो. त्यात तथ्य होतं. एका पानावरून दुसऱ्या पानाकडे लिंक गेली की शोधयंत्रं ती शिफारस मानायची. ज्याच्या शिफारशी जास्त, तो यादीत वर. काकाजींनी संघाची सभा घेतली आणि सगळ्यांना सांगितलं, एकमेकांची नावं खाली टाका. फुटर प्रत्येक पानावर आपोआप येतो, त्यामुळे एकदा टाकलेलं नाव शंभर पानांवर दिसायचं. नावाऐवजी "सर्वोत्तम संत्रा कलमे, खात्रीशीर पन्हेरी" असे शब्द टाकायची युक्तीही कोणीतरी काढली. पुढे ज्याला त्याला आपलं दुकान तिथं हवंसं वाटू लागलं आणि काकाजी कोणाला नाही म्हणत नसत.

शोधयंत्रं लवकरच शहाणी झाली. सोयरीक जुळवताना जो मध्यस्थ प्रत्येकच मुलाला सोन्यासारखा म्हणतो, त्याच्या शब्दाला गावात किंमत राहत नाही. यंत्रांनीही तेच केलं. पानाचा माथा, मधला मजकूर आणि तळ वेगवेगळे ओळखायला ती शिकली, आणि तळाच्या लिंकांचं वजन त्यांनी जवळजवळ शून्यावर आणलं. बरीच वर्षं फुटरमध्ये काय आहे याला कोणी विचारत नव्हतं.

नव्या शोधकानं ते वजन परत दिलं, पण एका अटीवर. त्याचा हिशेब असा होता: फुटर प्रत्येक पानाखाली असतो, म्हणजे तिथं जे लिहिलंय ते त्या माणसाचं कायमचं म्हणणं आहे. तिथं ज्याला जोडाल त्याच्याबरोबर तुमची पत बांधली जाईल. तो खरा निघाला तर तुम्हीही वर जाल, त्यानं फसवलं तर तुम्हालाही त्याचा वाटा मिळेल. आणि सरसकट सगळ्यांना जोडाल तर तुमचं कुठलंच म्हणणं धरलं जाणार नाही.

प्रणिताला हा हिशेब पटला. त्यातून तिला आणखी एक गोष्ट सुचली, आणि ती तिला इतकी सरळ वाटली की अजून कोणी केली कशी नाही याचं तिला नवल वाटलं.

संत्र्याचं कलम म्हणजे दोन झाडं. खाली जंबेरीचा खुंट, वर चांगल्या संत्र्याचा डोळा. डोळा ज्या झाडावरून घेतला त्या मातृवृक्षाचे गुण कलमात येतात, आणि त्याचे रोगही येतात. तेव्हा बागायतदाराला खरोखर कळायला हवं ते एवढंच, की डोळकाडी, म्हणजे डोळे असलेली फांदी, कोणाच्या कोणत्या झाडाची. तिनं जुना फुटर पुसला. पत्ता, फोन, परवाना, तपासणीचे अहवाल आणि लागवडीची माहिती एवढ्याच लिंका तिनं साध्या शब्दांत ठेवल्या. मग कलमांच्या प्रत्येक खेपेसाठी वेगळं पान केलं आणि त्याच्या तळाशी एक ओळ टाकली: "या कलमांची डोळकाडी: डाफे जाळीघर, रांग तीन." ती ओळ त्या रांगेच्या पानाकडे जायची, आणि रांगेचं पान ती रोपं ज्या संशोधन केंद्रातून आली त्याच्याकडे.

काकाजींच्या बागेतून डोळकाडी घेणं डाफे नर्सरीनं कधीच थांबवलं होतं. त्यांची झाडं उघड्यावर होती आणि एकदाही तपासलेली नव्हती. त्यांची खात्री प्रणिता देऊ शकत नव्हती.

"काकाजींचंही काढलं?" जेवताना प्रफुल्लनं विचारलं.

"सगळ्यांचंच काढलं."

"सगळे वेगळे अन् काकाजी वेगळे. मला नर्सरी कोणी उभी करून दिली?"

"घरात त्यांचा फोटो लाव म्हण, आत्ता लावते. पण शोधकाला मी काय सांगू? त्यांची झाडं निरोगी आहेत म्हणून सांगू? तुला तरी माहीत आहे का?"

प्रफुल्लला माहीत नव्हतं. तो जेवून उठला, आणि पुढे बरेच दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलला.

काकाजी स्वतःच आले. पांढरा सदरा, हातात गाडीची किल्ली. घरात न शिरता ते जाळीघरापाशी उभे राहिले.

"मले लोकायनं सांगतलं, तवा मी म्हटलं, चुकीनं झालं असंन," ते म्हणाले. "चुकीनं झालं का, बाई?"

"नाही, काकाजी. मीच काढलं."

"काऊन?"

प्रणितानं त्यांना शोधकाचा हिशेब समजावून सांगितला. मग ती म्हणाली, "तुमची झाडं तपासू द्या. पानं मीच तोडून नेते, पट्टीवर रस टाकून बघते. स्वच्छ निघाली तर आज संध्याकाळी तुमचं नाव परत टाकते, आणि डोळकाडीही घेते."

"माहा बाप त्या झाडायखाली निजे. त्याची संत्री दिल्लीले गेली. आता त्याले तुह्या पट्टीनं पास व्हावं लागते?"

"झाड चांगलंच असेल. मला फक्त माहीत नाही."

"तुले माहीत नाई, म्हणून माहं नाव नाई," काकाजी म्हणाले. "बरं हाय. चहा-पाण्याच्या भानगडीत पडू नको, मी चाललो."

ते त्यानंतर डाफ्यांच्या घरी आले नाहीत. संघाच्या सभेचा निरोप प्रफुल्लला यायचा, प्रणिताला नाही. नात्यातल्या एका लग्नात काकूंनी तिच्याकडे पाहून तोंड फिरवलं. तिला वाईट वाटलं, पण आपण चुकलो असं काही वाटलं नाही.

मागणी मात्र परत आली. आधी हळूहळू, मग पन्हेरी पुरेना इतकी. शोधकाला विचारलं की तो बागायतदारांना सांगायचा, या नर्सरीचं प्रत्येक कलम कुठल्या रांगेतलं हे मला तपासता येतं, म्हणून मी ती वर ठेवतो. ते ऐकून आसपासच्या नर्सऱ्याही तिच्याकडे आल्या. त्यांच्याकडे जाळीघरं नव्हती. त्यांना डोळकाडी हवी होती. प्रणितानं ती दिली, आणि एकच अट घातली: तुमच्या फुटरमध्ये रांगेची लिंक ठेवायची. एकेक करत तालुक्यातल्या डझनभर नर्सऱ्यांचे फुटर मोकळे झाले आणि प्रत्येकाच्या तळाशी डाफे जाळीघरातल्या कुठल्या ना कुठल्या रांगेचं नाव आलं. बागायतदारांच्या बागांनाही विम्यासाठी स्वतःचं पान असायचं, त्याच्या तळाशी नर्सरीची लिंक जायची. बागेकडून नर्सरीकडे, नर्सरीकडून रांगेकडे, अशी सगळ्या झाडांची कुळी कोणालाही बघता येऊ लागली.

प्रफुल्लचा राग तोवर निवळला होता. "तुझं बरोबर होतं," असं तो म्हणाला नाही. पण नव्या गिऱ्हाइकांना तो फुटरची गोष्ट स्वतः रंगवून सांगू लागला, आणि प्रणितानं त्यावर समाधान मानलं.

दोन वर्षं अशी गेली. तिसऱ्या वर्षी, हिवाळा संपताना फुललेल्या आंबिया बहाराची फळं लिंबाएवढी झाली असताना, परतवाड्याच्या मंदाताई बोबडे यांचा फोन आला. मंदाताई एकट्यानं बाग सांभाळत आणि उगाच फोन करत नसत.

"मी फोटो पाठवले, पाह्यले का?" त्यांनी विचारलं. "पानं पिवळी पडून राहिली. नत्र कमी असंन म्हणून खत दिलं. काही फरक नाही."

प्रणितानं फोटो मोठा करून पाहिला. अन्न कमी पडलेल्या पानाचा पिवळेपणा मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखा असतो. या पानांवर एका बाजूला एक डाग, दुसऱ्या बाजूला भलतीकडेच दुसरा.

"ताई, हे कलम कोणत्या नर्सरीतलं?"

मंदाताईंनी मोर्शीकडच्या एका नर्सरीचं नाव सांगितलं. प्रणितानं त्या नर्सरीचं पान उघडलं आणि खाली गेली. तळाशी लिहिलं होतं: डाफे जाळीघर, रांग तीन.

"मी आज संध्याकाळपर्यंत सांगते," ती म्हणाली. "तोवर त्या झाडांची एकही फांदी कुठं नेऊ नका."

तिला शंका होती ग्रीनिंगची. हा रोग संत्र्याच्या झाडातल्या बारीक नळ्यांत वाढणाऱ्या जंतूंमुळे होतो. पानांनी तयार केलेलं अन्न त्या नळ्यांतून मुळांकडे जातं. जंतू त्या तुंबवतात, झाड उपाशी राहतं, फळं वाकडी आणि तळाशी हिरवीच राहतात. औषध नाही. झाड उपटून जाळावं लागतं. सिला नावाचा तिळाएवढा किडा हा रोग झाडाझाडांवर नेतो, आणि झाडाची पानं पिवळी दिसायच्या किती तरी आधी त्यानं रोग शेजारी पोचवलेला असतो. म्हणून ग्रीनिंगमध्ये वेळच सगळं ठरवते. आजारी कलमं कुठून आली आणि कुठे कुठे गेली, हे शोधण्यात पूर्वी दोन-तीन हंगाम जायचे. तेवढ्यात बागाच्या बागा जायच्या.

ती जाळीघरात गेली. तिसऱ्या रांगेतल्या प्रत्येक झाडाची चारी बाजूंची पानं तिनं तोडली, देठ कुटले, रस तपासणीच्या पट्ट्यांवर टाकला आणि बाकावर बसून राहिली. रोगाचे जंतू झाडात सगळीकडे सारखे नसतात. दरवर्षीच्या तपासणीत हातात आलेली फांदी स्वच्छ असली, तरी शेजारची तशी असेलच असं नाही. हे तिला पुस्तकातून माहीत होतं. तासाभरात पट्ट्या रंगल्या. रांगेच्या टोकाच्या दोन झाडांत ग्रीनिंग होता.

प्रफुल्ल तिच्या मागे येऊन उभा राहिला होता. त्यानं पट्ट्या पाहिल्या आणि मग वर, त्या दोन झाडांवरच्या जाळीकडे पाहिलं. तिथं जाळीला जोड होता.

"दोन वर्षांपूर्वीच्या वादळात फाटली होती ती," तो म्हणाला. "मी गाड्या भरण्यात होतो. तू म्हटलं होतं आजच शिव, अन् मी दोन दिवसांनी शिवली."

प्रणितानं पट्ट्या गोळा केल्या.

घरी गेल्यावर प्रफुल्लनं दार लावून घेतलं आणि समोर बसला.

"शोधक आपली पानं कधी वाचतो?"

"रोज पहाटे."

"म्हणजे उद्या पहाटेपर्यंत वेळ आहे." तो पुढे झुकला. "रांग तीनचं पान काढून टाक. खोटं काही लिहू नको. नुसतं पान काढ. ती झाडं आपण उद्या जाळू, मंदाताईंना नवी कलमं फुकट देऊ. बाकीच्यांनाही हळूहळू सांगू."

"सगळ्यांच्या लिंका त्या पानावर येतात. ते पान नसलं की शोधक त्यांच्यापाशीच थांबेल. मोर्शीवाला म्हणेल मी डाफ्यांकडून डोळे घेतले, आणि त्याच्याकडे दाखवायला काही नसेल. रोग त्याच्या नर्सरीतून निघाला असं होईल."

"फुटर आपला आहे. तूच म्हणायची, त्यात नको ते ठेवू नये."

"ज्याची खात्री नाही ते ठेवू नये म्हणायची. याची तर मला खात्री आहे. मी आत्ताच तपासलं."

"नर्सरी बसेल, प्रणिता."

"बसेल."

"तुला काही वाटत नाही?"

"वाटतं." तिचा आवाज जरा चढला आणि तिनं तो खाली आणला. "पण हळूहळू सांगू म्हणतो, तर किती हळू? त्या रांगेची कलमं कुठे कुठे गेली ते मला माहीत नाही, तुला माहीत नाही. नर्सऱ्यांनी ती पुढे विकली आहेत. ते माहीत आहे फक्त त्या लिंकांना. आज त्या तोडल्या तर आपल्यालाही कोणाला सांगता येणार नाही."

प्रफुल्लनं लॅपटॉप तिच्यासमोर सरकवला. मग म्हणाला, "जाळीचं पण लिही मग. फाटली होती, ते."

तिनं रांग तीनच्या पानावर सगळं लिहिलं: जाळी केव्हा फाटली, किती दिवस फाटकी राहिली, आज काय सापडलं, आणि या रांगेची डोळकाडी वापरलेलं प्रत्येक कलम तपासावं. मग त्या पानाची लिंक तिनं संकेतस्थळाच्या फुटरमध्ये सगळ्यांत वर टाकली, म्हणजे ती प्रत्येक पानाखाली दिसावी. शब्द साधे ठेवले: "रांग तीनमध्ये ग्रीनिंग. आधी हे वाचा."

पहाटे शोधकानं ते वाचलं. त्यानं रांगेकडे येणाऱ्या लिंका धरल्या आणि उलटा चालत गेला: रांगेकडून नर्सऱ्यांकडे, नर्सऱ्यांच्या खेपांकडून बागांकडे. सूर्य वर यायच्या आत वऱ्हाडात, नागपूरकडे, मध्य प्रदेशात आणि राजस्थानात शेकडो बागायतदारांचे फोन बोलू लागले. तुमच्या बागेतली अमुक खेपेची झाडं तपासा. ती तुम्ही अमुक नर्सरीतून घेतली, त्यांचा डोळा डाफे जाळीघराच्या तिसऱ्या रांगेतला आहे, तिथं ग्रीनिंग सापडल्याचं त्यांनी स्वतः कळवलं आहे.

दिवसभर डाफ्यांचा फोन वाजत राहिला. लोक चिडले होते. एका बागायतदारानं प्रफुल्लला असं काही ऐकवलं की तो फोन घेऊन शेतात निघून गेला. मोर्शीच्या नर्सरीवाल्यानं आधी शिव्या दिल्या आणि मग संध्याकाळी परत फोन करून म्हणाला की त्याच्याकडची झाडं त्यानं उपटली, शोधकानं त्याच्याबद्दल लिहिलंय की रोग त्याचा नव्हता. मंदाताईंनी एवढंच विचारलं, "जाळायची की पुरायची?"

हंगामाची सगळी मागणी रद्द झाली. शोधकाच्या हिशेबानं डाफ्यांची पत खाली गेली, आणि प्रणिताला तो हिशेब मान्य असल्यानं तिला त्याच्यावर रागावताही आलं नाही. जाळीघरात किडा शिरलेला होता, तेव्हा एकाच रांगेवर भागणार नव्हतं. तिनं आणि प्रफुल्लनं मिळून सगळे मातृवृक्ष उपटले. ते जळत असताना प्रफुल्ल काठीनं फांद्या आत सारत होता. धूर डोळ्यांत जात होता, म्हणून कोणाचे डोळे कशानं ओले आहेत हे विचारायची गरज पडली नाही.

आठवड्यानं काकाजी आले. रिकाम्या जाळीघरात शिरले, इकडेतिकडे पाहिलं, आणि उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसले.

"मी असतो तर काढून टाकलं असतं ते पान," ते म्हणाले.

"प्रफुल्लही तेच म्हणत होता."

"आमचंच रगत हाय ते." काकाजींनी घसा साफ केला. "पहाटेस माहा फोन बोलला. मले वाटलं, आपला काय संबंध? तर गेल्या साली बांधाकडं रिकाम्या जागा भरायले मी पन्हेरी घेतली होती, दुसऱ्या एका नर्सरीतून. तुह्या रांगेतली निघाली ती. माह्या बापाच्या झाडायले लागूनच."

"उपटली का?"

"त्याच दिवशी. तू वापरते तशाच पट्ट्या आणून पाह्यल्या, सहापैकी दोन रंगल्या." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "बाई, मले त्या दिवशी कळलं नसतं, तर कवा कळलं असतं?"

"पानं पिवळी पडल्यावर."

"अन् तवापर्यंत किड्यानं बापाची झाडं खाल्ली असती."

"हो."

काकाजी उठले. "चाल. पानं तोडून ने. सगळ्या झाडायची."

प्रणितानं आणि प्रफुल्लनं मिळून पुढचे दोन दिवस काकाजींची बाग तपासली. जुनी झाडं उंच होती; प्रफुल्ल शिडीवर आणि ती खाली, असं चाललं. नव्या कलमांचा रोग जुन्या झाडांत शिरला नव्हता, ती वेळेवर वाचली होती. पण बागेच्या एका कोपऱ्यातल्या काही झाडांत वेगळाच विषाणू निघाला, जुना, कित्येक वर्षं तिथं मुरलेला. ज्या झाडांची संत्री दिल्लीला गेली म्हणून काकाजी सांगायचे, ती त्यांतच होती. त्यांची डोळकाडी काकाजींनी आयुष्यभर लोकांना दिली होती.

तिनं हे सांगितलं तेव्हा काकाजी त्या कोपऱ्याकडे चालत गेले. मग खोडाला हात लावून म्हणाले, "हे दिसाले तर अजून चांगलं हाय."

"दिसायला चांगलंच आहे, काकाजी."

"बाकीची?"

"बाकीची मजबूत आहेत. डोळे घेण्यासारखी. इतकी जुनी, उघड्यावर राहून स्वच्छ राहिलेली झाडं मी पाहिली नाहीत. त्यांच्यात काहीतरी असेल, ते शोधावं लागेल. पण ते पुढचं. आत्ता मला नवं जाळीघर भरायचं आहे आणि डोळकाडी हवी आहे."

"ने म्हटलं ना."

आजारी झाडं काकाजींनी स्वतः उभं राहून तोडवून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते डाफ्यांच्या घरी आले, आणि प्रणितासमोर खुर्ची ओढून बसले.

"माह्या बागेच्या संकेतस्थळाचा तो फुटर, तो सगळा पुसून टाक," ते म्हणाले. "अन् मी सांगतो ते लिही."

प्रणितानं लॅपटॉप उघडला.

"दिवाकर डाफे यांच्या बागेतल्या दक्षिणेकडच्या कोपऱ्यातली झाडं रोगट निघाली. ती तोडली. या झाडांची डोळकाडी ज्यायनं ज्यायनं नेली, त्यायनं आपली बाग तपासून घ्यावी. लिहिलं?"

"लिहिलं. कोणाकोणाला दिली होती ते आठवतं का?"

"जेवढे आठवतात तेवढे सांगतो. पन्नास वर्षाचं काम हाय, वेळ लागंन." त्यांनी पडद्याकडे मान लांब करून पाहिलं. "हे आता कुठं दिसंन?"

"पहिल्या पानावर ठेवू का? तिथं ठळक दिसेल."

"तळाशी ठेव. म्हणजे कोणतंही पान उघडलं तरी ते लागंनच."

तिनं ते तळाशी नेलं आणि त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. काकाजींनी ऐकलं, आणि बोट वर केलं.

"एक राह्यलं. ही झाडं मी आजपावतो कधी तपासली नव्हती, हेही टाक."

"त्याची गरज नाही, काकाजी. झाडं तोडली हे लिहिलं आहे."

"गरज हाय. नाई तर लोकायले वाटंन, रोग आत्ता आला. ते आपापल्या नव्या झाडायकडं पाहत बसतीन अन् जुन्यायकडं कोणी पाहणार नाई."

रोग पसरण्याचं शास्त्र शिकलेल्या प्रणिताला यात खोडून काढण्यासारखं काही सापडलं नाही. तिनं ते वाक्य त्यांच्या शब्दांत लिहिलं आणि पान प्रसिद्ध केलं. बाहेर प्रफुल्लनं गाडीत ओली पोती आणि कात्र्या टाकल्या होत्या. ऊन चढायच्या आत डोळकाडी कापायला हवी होती, म्हणून तिघं बागेकडे निघाले.